न आलेल्यांची नावं

"पहिल्या रांगेतला तो सदरेवाला, उभा ऱ्हा बरं," दादा म्हणाले.

मुलगा उभा राहिला. नऊ-दहा वर्षांचा, केसांना तेल चोपडलेलं, अंगात थोरल्या भावाचा सदरा. भुजंग मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"तुला मी मागच्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या वाडीत पाहिलं. तिथल्या शाळेत. तिसऱ्या रांगेत बसला व्हतास. बरोबर का?"

"व्हय जी."

"मग हिकडं बदली झाली म्हन की तुझी. मला हुकूम आला न्हाई अजून."

मुलं फिस्सकन हसली. आपल्यावर हसतायत हे न कळून तो मुलगाही हसला. दादांनी भुजंग मास्तरांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना जास्त लागलं असतं.

"किती आनलेत मास्तर?"

"सहा," भुजंग मास्तर खिडकीशीच बोलले.

"काय कबूल केलंत?"

"गूळ-शेंगा."

"दिल्या का?"

"मुआयना झाल्यावर द्यायच्या व्हत्या."

"आत्ताच द्या. पोरं चालत आलीत. पोरांनो, खा आन् घरी जा. तुमच्या मास्तरला सांगा, व्यंकटरावानं आजची गैरहजेरी माफ केली."

सहाही पोरं ओंजळी भरून घेऊन धूम पळाली. खोली एकदम मोठी दिसायला लागली. उरलेल्या एकोणीस मुलांकडे पाठ करून दादा दारातल्या पायरीवर बसले आणि नेहमीचं वाक्य बोलले.

"बसलेली ऱ्हाऊ द्या. न आलेल्यांची नावं सांगा."

दादा, माझे वडील, बोरीच्या शाळेचे हेडमास्तर. शिवाय आसपासच्या आठ खेड्यांतल्या शाळा त्यांच्या देखरेखीखाली होत्या. आठही शाळा एकेका खोलीच्या, एकेका मास्तरच्या. कुठे मारुतीची ओवरी, कुठे कुणाची पडवी. खडू, तक्ते, सरकारी हुकुमांच्या गश्त्या, सगळं परभणीहून दादांकडे यायचं आणि चपराशी मुंजाजी ते डोक्यावर घेऊन आठ गावं फिरायचा. सरकारचा नियम असा होता की शाळेत पंचवीस मुलं दिसली पाहिजेत. तीनदा कमी दिसली की शाळा तुटायची, म्हणजे मास्तर दुसरीकडे जायचा आणि खोलीत पुन्हा कडबा भरला जायचा. म्हणून मास्तर लोक एकमेकांची मुलं उसनी घ्यायचे. दादांच्या आधीचे साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले की मुलं मोजून, दूध पिऊन परत जात. दादा मोजायचे नाहीत. ते न आलेल्यांची नावं घ्यायचे आणि त्यांच्या घरी, शेतात, जिथे असतील तिथे जायचे.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच मला बरोबर नेलं होतं. "चल, पाय मोकळे हुतील," एवढंच म्हणाले होते. कशाला नेतायत हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही.

सहा नावं निघाली. पहिला मुलगा वैजीनाथचा. वैजीनाथ आपल्या वावरात कापूस वेचत होता. बायको आणि मुलगाही वेचत होते. आम्हाला बांधावर बघून तो ओरडला, "मास्तर, आज काई सांगू नका. मला सगळं म्हाईत हाय. शिकला तर मानूस हुईल. हाय तो मानूसच हाय माझा पोरगा."

"मी काई सांगायला आलोच न्हाई," दादा म्हणाले. धोतराचा सोगा त्यांनी कमरेला ओटीसारखा बांधला आणि मुलगा वेचत होता त्या तासात, म्हणजे कापसाच्या ओळीत, शिरले. "तू बस रे बांधावर," मुलाला म्हणाले, "तुझ्या वाट्याचं मी येचतो."

वैजीनाथ सरळ उभा राहिला. "काय करायलाव तुमी?"

"कापूस येचायलोय. दिसंना का?"

"लोक काय म्हनतील, हेडमास्तर माझ्या वावरात मजुरीला!"

"म्हनतील, वैजीनाथ लय मोठा मानूस झाला."

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. दादांचा हात सरावाचा होता. पाचही बोटं बोंडावर ठेवून ते एका ओढीत कापूस काढायचे, वाळलं पान न लागू देता. तो तास वेचून संपला तेव्हा वैजीनाथ आपणहून बोलला. "तसं न्हाई मास्तर. शाळा भरती तवाच कापूस येचायचा असतो. दव सुकलं की लगेच. दुपारी बोंडं कडक हुत्यात, पान चुरून कापसात जातं."

"मग दुपारी तो मोकळा असतो?"

"दुपारी काय, झाडाखाली लोळतो."

"बरं झालं सांगितलंस." दादा सरळ उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. "उद्या सुट्टी. परवापासून वेचणी हुईस्तोर ह्या गावची शाळा दुपारी भरंल."

बाकीची पाच घरं करून परतताना मी विचारलं, "अशी वेळ बदलता येते? वरून मंजुरी लागते ना?"

"मागीन की मंजुरी. आधी पोरं तर येऊ दे."

दिवस कलायला आला होता. ज्वारी हुरड्याला आली होती आणि पाखरं राखणाऱ्या पोरांच्या आरोळ्या लांबून ऐकू येत होत्या. दादा नेहमीपेक्षा हळू चालत होते. मला वाटलं, वाकून वेचल्याने कंबर धरली असेल.

"कोनाड्यात कागद हाय," ते म्हणाले.

"बघितला."

"बरं."

पुढचे दोन कोस ते यंदाच्या तुरीबद्दल बोलले.

तो कागद म्हणजे अर्ज होता. बोरीला मुलींची शाळा काढायची दादांची तीन वर्षांची खटपट. नियम त्यातही होतेच: मुआयन्याच्या दिवशी पंधरा मुली समोर बसलेल्या हव्यात आणि शिकवायला उस्तानी हवी, पुरुष चालणार नाही. खोली किशनराव पाटलांनी दिली होती, सरकी ठेवायची. "पोरी येईस्तोर सरकी, पोरी आल्या की पोरी," असं ते म्हणाले होते. मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याच्या सगळ्या शाळांचे वरचे अधिकारी, ह्याच थंडीत, सरकारच्या बहमन महिन्यात, बघायला येणार होते. दादा गावात फिरून फसली तारीख आणि पंचांगाची तिथी दोन्ही सांगायचे, कारण सरकारचे महिने लोकांना समजत नसत. घरं फिरून त्यांनी पंधरा नावं जमवली होती. उस्तानीच्या जागेसाठी माझा अर्ज त्यांनी आपल्या घोटीव उर्दू अक्षरात लिहून ठेवला होता, खाली सहीपुरती जागा सोडून. त्या जागेसाठी लागणारी परीक्षा मी आदल्या वर्षीच परभणीला जाऊन दिली होती. ती त्यांनी दे म्हटली म्हणून दिली, आणि पास झाले तेव्हा पुढे काय ते मी बोलले नाही, त्यांनी विचारलं नाही.

आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती. सात वर्षं सासरी काढून, नवऱ्याने दुसरी केल्यावर मी परत आले, तेव्हा दादा स्वतः न्यायला आले होते. सासऱ्यांना त्यांनी रामराम केला, माझी ट्रंक मुंजाजीच्या डोक्यावर दिली आणि पुढे चालू लागले. त्यानंतर ते परभणीला गेले की माझ्यासाठी पुस्तक येई. जे मिळेल ते. एकदा व्याकरण, एकदा कापसाच्या किडींवरचं, एकदा एक कादंबरी, जिची शेवटची पानं फाटलेली होती आणि जिचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही. पुस्तक ते माझ्या हातात देत नसत. दळणाच्या जात्याजवळ ठेवून जात. पाच वर्षांत त्या जात्याजवळ एक पेटी भरली.

मी सही का करत नव्हते, ते मी आईलाही सांगितलं नव्हतं.

लहानपणी मी दादांच्याच शाळेत बसायचे. साठ मुलांत एकटी मुलगी. उशिरा शाळेत बसलेली, म्हणून बाराव्या वर्षी तिसरीत होते, तेव्हा माझं लग्न ठरलं. आजी म्हातारी झाली होती, तिला नातजावई बघायचा होता. हळदीच्या आदल्या दिवशीही मी शाळेत गेले, कारण जाऊ नको असं कुणी म्हणालं नव्हतं. दादांनी हजेरी घेतली. धुरपता व्यंकटराव. मी "हाजिर" म्हणाले. दादांनी माझ्याकडे पाहिलं, टाक दौतीत बुडवला आणि माझ्या नावावरून रेघ ओढली. पुढे लिहिलं: खारीज. मग पुढचं नाव घेतलं.

मी संध्याकाळपर्यंत वर्गात बसून राहिले. त्यांनी मला उठवलं नाही, आणि एकही प्रश्न विचारला नाही.

आठ गावांच्या मुलांसाठी ज्या माणसाने बांधावर तासन्‌तास काढले, त्याच्या हातून ही रेघ ओढली गेली. ह्या दोन गोष्टी मला एकमेकींशेजारी ठेवता येत नव्हत्या. सही केली तर ती रेघ मी माफ केली असं होईल, असं मला वाटे. आणि दादांना तेच हवं आहे, असंही.

त्या गुरुवारी रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "पारू, आज मी मजुरी केली. वैजीनाथाची बायको म्हनली, मास्तर, उद्या बी या." आई म्हणाली, "जा की. निदान कापूस तरी घरात यील." दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सरकारी नियमाने शुक्रवारी शाळांना सुट्टी असायची. सकाळी त्यांनी चूळ भरली, ओट्यावर बसले, आईला म्हणाले, "छातीत काईतरी आडकल्यागत झालंय." आई पाणी आणायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत ते खांबाला टेकून गेलेले होते. मी समोर तांदूळ निवडत होते. मला कळलं नाही. मी खाली बघत होते.

चौथ्या दिवशी, सोमवारी, सात मुली आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. कुणाच्या हातात पाटी, कुणाच्या हातात नुसतंच कौल. आईने दारातून बघितलं आणि मला हाक मारली.

"पोरींनो, मास्तर गेले. तुमाला म्हाईत न्हाई का?" आई म्हणाली.

"म्हाईत हाय," त्यातली थोरली म्हणाली. "मास्तरांनी सोमवारी या म्हनून सांगितलं व्हतं."

"अगं, पन ते..."

"नगं येऊ म्हनून कुनी सांगितलं न्हाई."

आई आत गेली आणि सुपात ज्वारीच्या लाह्या घेऊन आली. त्यांच्यापुढे सूप ठेवून मला म्हणाली, "बसल्यात तर त्यांना काईतरी सांग तरी. नुसत्या किती वेळ बसतील?"

सुतकात शिकवावं की नाही, ह्याचा नियम कुठल्याही गश्तीत नव्हता. मी ओट्याच्या कडेला बसले. काय सांगावं ते सुचेना. शेवटी मी त्यांना त्या कादंबरीची गोष्ट सांगितली, फाटलेल्या पानांपर्यंत. "मग काय झालं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही सांगा. सात मुलींनी सात शेवट सांगितले. एकीच्या शेवटात सगळे परभणीला जाऊन मोटारीत बसले. आई दाराआडून ऐकत होती. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी नऊ आल्या. दहाव्याच्या दिवशी त्यांना कुणी येऊ नका म्हणालं नव्हतं, म्हणून त्या आल्या आणि घाटावरून परतणाऱ्या पुरुषांनी त्यांना पाय धुवायला पाणी मागितलं.

तेराव्यानंतर मुंजाजी आला. दादांच्या जागी आता त्यांचे हाताखालचे बन्सीधर मास्तर काम बघत होते.

"बन्सीधर मास्तर साहेबाला लिवायलेत," मुंजाजी ओट्याखाली उकिडवा बसून म्हणाला, "की हेडमास्तर वारले, उस्तानी न्हाई, मुआयना म्होरं ढकलावा."

"मग ढकलतील."

"म्होरं म्हनजे म्होरल्या साली, ताई. तवर पाटील सरकी भरतील. आन् साहेब बदलले तर?" त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी अडानी मानूस. पन ईस वर्सं तुमच्या दादांचं टपाल वाहिलंय. कागद कुटं आडतो ते मला म्हाईत हाय. हा कागद तुमच्या कोनाड्यात आडलाय."

मी आत गेले. कोनाड्यातून अर्ज काढला, झटकला, सही केली. सही करताना मला दादांना माफ केल्यासारखं वाटलं नाही. मुली येत होत्या, म्हणून केली. एवढ्या साध्या कारणाने ती करता आली असती हे मला आधी कळलं नव्हतं.

"तुमी आजच परभनीला जा," मी मुंजाजीला म्हणाले. "दोन्ही कागद एकदमच साहेबांच्या हातात पडू द्या."

ठरल्या दिवशी मोहतमीम साहेब मोटारीने आले. काळी शेरवानी, हातात छडी, दमा असलेला उतारवयाचा माणूस. किशनराव पाटलांनी सरकीची खोली शेणाने सारवून घेतली होती. तरी कोपऱ्यात सरकी होतीच, आणि एक मुलगी सारखी तिकडे हात घालत होती. साहेबांनी फळ्यावरचं वाचून घेतलं, दोघींना बेरीज घातली, एकीला विचारलं की तुमच्या गावाच्या उगवतीला कोणतं गाव. सगळं नीट झालं. मग त्यांनी छडीने हळूच मोजलं.

"चौदा हैं, बाई. कायदे में पंद्रा होना."

"एक आली नाही," मी म्हणाले. "कडूबाईची मुलगी. दगडा."

बन्सीधर मास्तर पुढे झाले. "साहेब, लगेच एक पोरगी आनतो. माझ्या भावाचीच हाय, पाच वर्षांची, पन उंच हाय."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

"व्यंकटराव होते, तो इस वखत यहां खड़े नहीं रहते," ते म्हणाले. "मैं पाटील के पास खाना खातूं, दोपहर की नमाज पढ़तूं, फिर आके गिनतूं. उसके बाद मोटर जाती."

मुलींना दारात बसलेल्या आईच्या हवाली करून मी निघाले. कडूबाईचं तीन एकराचं वावर गावाच्या खालच्या अंगाला होतं. पहाटेपासून आभाळ भरून आलं होतं. थंडीतलं अवकाळी आभाळ, कापसाचा काळच. कडूबाई आणि दगडा पाठ न उचलता वेचत होत्या. कडूबाई माझ्याच वयाची, गावातलीच आणि गावातच दिलेली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

"आली का मास्तरांची लेक," ती म्हणाली, तशीच वाकलेली. "आधीच सांगते, आज न्हाई. आभाळ बग."

मी पदर खोचला आणि दगडाच्या तासात शिरले. चार बोंडं वेचली. कडूबाईने मान वर करून माझ्या ओटीत डोकावलं.

"ऱ्हाऊ दे. अर्धा कचराच येचायलीस. भिजला तरी परवडंल पन हा नगं."

दगडा खुदकन हसली आणि आईने बघताच गप्प झाली. नऊ वर्षांची असेल. तिची बोटं तिच्याहून मोठ्या बाईची होती.

"एका घंट्याचं काम हाय," मी म्हणाले. "साहेब मोजतील, मी तिला परत घेऊन येते. मग दोघी मिळून वेचू."

"आन् उद्या?"

"उद्या बी यावं लागंल. परवा बी. रोज."

"खोटं तरी बोलत न्हाईस," कडूबाई सरळ झाली आणि कमरेचं गाठोडं सावरलं. "धुरपते, तुला एक सांगू? तुझे दादा आमच्या दारात दोन दिस बसले व्हते. माझ्या थोरल्या भावासाठी. मी त्यांना पानी दिलं. म्हनले, गुनाची पोर हाय. बास. भावाला घेऊन गेले."

मी ओटीतली वाळली पानं काढू लागले. ती बोलतच होती.

"तू म्हनशील गैरहाजिर पोरांसाठी ते कुटं कुटं जायचे. खरं हाय. पन माझं नावच नव्हतं पटावर. जिचं नावच न्हाई, तिला गैरहाजिर तरी कसं म्हनायचं?"

"मागनं त्यांना कळलं ते," मी म्हणाले. "तीन वर्षं त्यांनी ह्याच शाळेसाठी..."

"मागनं. व्हय. मी तेच म्हनायलीय. दगडाचं नाव त्यांनीच घातलं, माझ्या दारात बसून. मी न्हाई म्हनले न्हाई." तिने गाठोड्याची गाठ आवळली. "पन तुझं तर व्हतं ना नाव? आन् मी व्हते तवा खिडकीत."

मला वाटलं, ती दुसऱ्या कसल्या तरी दिवसाबद्दल बोलतेय.

"धाकटा भाऊ काखंत घेऊन. आमी चौघी-पाचजणी रोज तितं उभ्या ऱ्हायचो. तू आत बसायचीस, आमी बाहेरून तुला बगायचो. त्या दिशी तू हाजिर म्हनलीस आन् मास्तरांनी टाक बुडवला. आमाला वाचता येत नव्हतं. पन रेघ कळती की." वाऱ्याने कापसाची झाडं एकदम सळसळली. "आमी वाट बगत व्हतो. म्हटलं, आता ही बोलंल. ही तर मास्तरांची लेक. हिनं तोंड उघडलं तर उद्या आमाला बी उघडता यील. तू बसून ऱ्हायलीस. गायीगत."

दगडाचे हात थांबले होते. तिच्या आईने ते पाहिलं.

"आता तू माझ्या लेकीला न्यायला आलीस. आज नेशील, शिकवशील. उद्या तिचं लगीन ठरंल. मग मीच ठरवीन, दुसरं कोन ठरवनार? तवा तू तरी काय करशील? रेघच ओढशील ना?"

"न्हाई."

"कशावरनं?"

दादा असते तर त्यांनी तास पुढे वेचला असता आणि समोरचा माणूस मऊ व्हायची वाट बघितली असती. गप्प राहण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं, आणि मी त्यांचीच मुलगी होते. बारा वर्षं मी गप्प राहिले ती रागाने, असं मला वाटत होतं. त्या तासात उभी असताना कळलं की त्यात राग थोडाच होता. मला कुणी विचारावं म्हणून मी थांबले होते. आणि विचारणारा माणूस तीन आठवड्यांपूर्वी ओट्यावर, माझ्यासमोर, न विचारताच गेला होता.

"मी तवा काय म्हनायला पाहिजे व्हतं?" मी कडूबाईला विचारलं.

"मला काय म्हाईत? शिकलेली तू." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "जे मनात व्हतं ते."

ओढ्याच्या बाजूला ढग वाजला. कडूबाईने वर पाहिलं, हिशोब केल्यासारखं. मग ती लेकीजवळ गेली, तिच्या कमरेची ओटी सोडली आणि त्यातला कापूस आपल्या ओटीत घेतला. "तोंड धू," ती दगडाला म्हणाली. "पळत जा. तू म्होरं हो, ही मागनं यील. ह्या बाईचं अजून व्हायचंय."

दगडा माझ्याकडे बघत दोन पावलं मागे चालली, मग वळली आणि बांधावरून पळत सुटली. कडूबाई पुन्हा वाकली. माझ्याकडे पाठ करून, मला ऐकू येईल इतक्या जवळ, ती वेचत राहिली.

मी गावाकडे तोंड केलं. शाळेचं छप्पर तिथून दिसत नव्हतं, नुसती शाळेपुढची चिंच दिसत होती. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही. दुसऱ्यांदा फुटला, तो बारा वर्षांच्या मुलीसारखा.

"दादा," मी म्हणाले, "मला न्हाई जायचं. मला शाळंत बसायचं हाय."